पहिला पाव इंच, शेवटचा पाऊण इंच

लाकडात ड्रिल चालवलं की बिटाची धार तंतू कापत जाते आणि भोकातून कुरळा भुसा बाहेर येतो. वीट, दगड, काँक्रीट असे कापले जात नाहीत. ते ठिसूळ असतात. दाब भरपूर सोसतात, ओढ मात्र फारच थोडी. काँक्रीटची ओढ सोसण्याची ताकद त्याच्या दाब सोसण्याच्या ताकदीच्या जेमतेम एक दशांश असते. म्हणून भिंतीत भोक पाडायचं म्हणजे बिटाच्या टोकासमोरचा कण जागच्या जागी चिरडायचा आणि झालेली भुकटी बाहेर काढायची. चिरडण्याचं काम यंत्र करतं. सुरुवात नेमक्या जागी करणं, भुकटी साचू न देणं आणि शेवटी पलीकडची बाजू फुटू न देणं ही कामं माणसाची, आणि भोक बिघडतं ते इथेच. नऊ इंची भिंतीत आरपार भोक पाडताना पहिला पाव इंच आणि शेवटचा पाऊण इंच सांभाळला, तर मधल्या आठ इंचांची काळजी यंत्रावर सोडता येते, असं माझं मत आहे. बहुतेकांचा सगळा जोर नेमका त्या मधल्या आठ इंचांवर खर्च होतो.

यंत्रं यायच्या आधी दख्खनच्या काळ्या पाषाणात विहिरी खोदल्या जायच्या, तेव्हा सुरुंगाची भोकं हातानेच पाडत. एकजण पहार उभी धरायचा, दुसरा घण घालायचा. प्रत्येक घावानंतर धरणारा पहार किंचित फिरवायचा, म्हणजे पुढचा घाव नव्या जागी पडायचा. अधूनमधून भोकात पाणी ओतून आतला राडा काढून टाकायचा आणि पुन्हा घाव. आजची हॅमर मशीन हेच करते: ठोकते, फिरवते आणि बिटावरच्या पिळदार खाचांमधून भुकटी बाहेर ढकलते.

ते शक्य झालं दोन शोधांमुळे. पोलादी टोक दगडावर पटकन बोथट होतं. 1923 मध्ये जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टमध्ये बांधून घेण्याची पद्धत पेटंट केली आणि पोलादाहून कितीतरी कठीण, तरी ठोका सोसणारं टोक मिळालं. क्रुप कंपनीने ते ‘विडिया’ नावाने विकलं; आपल्याकडचे लेथवाले आजही कार्बाइडच्या हत्याराला विडियाच म्हणतात. दुसरा शोध ठोक्याचा. 1932 मध्ये बॉशने हवेच्या दाबावर ठोके देणारा विजेचा हॅमर बाजारात आणला.

दुकानात मात्र ‘हॅमर’ म्हणून दोन अगदी वेगळी यंत्रं मिळतात आणि घेणाऱ्याला ते कुणी सांगत नाही. स्वस्तातल्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर फिरतात. दातावर दात चढला-उतरला की बिट पुढेमागे थरथरतो. मिनिटाला चाळीस हजारांच्या वर ठोके पडतात, पण एकेक ठोका चिमुकला, आणि तोही तुम्ही मागून जेवढं रेटाल तेवढाच. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन सिलिंडरमधली हवा दाबतो आणि त्या दाबलेल्या हवेमुळे एक सुटा लोखंडी ठोकळा बिटाच्या बुडावर आदळतो. ठोके मिनिटाला चार-साडेचार हजारच, पण प्रत्येक ठोका दोन-तीन जूलचा. किलोभर वजन वीतभर उंचीवरून सोडलं तर बसेल तेवढा. विटेला पहिलं यंत्र चालतं. काँक्रीटला ते लावलं की माणूस भिंतीशी कुस्ती खेळतो, बिट तापून निळा पडतो आणि भोक अर्धा इंचही पुढे सरकत नाही.

रोटरी हॅमरला रेटायचं नसतं, हे हाताला पटायला वेळ लागतो. मशीनचं वजन आणि बिट भिंतीला टेकून राहील एवढा दाब पुरे. जास्त रेटलं की आतल्या ठोकळ्याला मोकळीक मिळत नाही, ठोका मंदावतो, बिट वाकतो आणि भोक तिरकं जातं. याच्या बिटाच्या बुडाला खाचा असतात. 1975 च्या सुमारास आलेल्या या ‘एसडीएस’ पद्धतीत बिट चकमध्ये आवळलेला नसतो, तो थोडा मागेपुढे सरकायला मोकळा असतो. हाताला तो सैल लागतो म्हणून मशीन खराब आहे असं समजू नये.

आता पहिला पाव इंच. बिट भिंतीला टेकतो तेव्हा त्याला कसलाच आधार नसतो. प्लास्टरवर जरा उंचवटा असला, तर तो उताराकडे घसरतो. दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, उघड्या असलेल्या विटेच्या भिंतीवर विटेवरून मऊ दर्जेत उतरतो. म्हणून खूण नुसत्या टिंबाने करू नये, दोन-दोन इंच लांब रेघांची फुली मारावी. टिंब पहिल्याच फेरीत नाहीसं होतं. फुलीच्या रेघा भोकाच्या चारी बाजूंना दिसत राहतात आणि बिट सरकला तर लगेच कळतं. फुलीच्या मध्यावर खिळा ठेवून एक हलका ठोका द्यायचा, म्हणजे बिटाला बसायला खळगा मिळतो. मशीन हॅमरवर न ठेवता नुसती, हळू फिरवायची. आठ मिलिमीटरचं भोक हवं असेल तर आधी चार-पाचचा बिट चालवावा; बारीक टोक कमी भरकटतं आणि मग मोठा बिट त्याच वाटेने जातो. पाव इंच आत गेल्यावर भोकाच्या कडाच बिटाला धरतात, मग हॅमर सुरू करायला हरकत नाही. टाइल असेल तर ती पूर्ण पार होईपर्यंत हॅमरला हात लावायचा नाही. टाइलची चकाकी काचेसारखी असते. तिच्यावर चिकटपट्टी लावून, भाल्याच्या टोकाच्या किंवा हिऱ्याच्या बिटाने, ती आधी घासून काढावी लागते. टाइलच्या काठाला खेटून भोक घेणं टाळावं, तडा तिथूनच जातो.

याच पाव इंचात भोकाची दिशाही ठरते. नऊ इंची, म्हणजे 230 मिलिमीटरच्या भिंतीत मशीन एका अंशाने कलली, तर बिट पलीकडे चार मिलिमीटर बाजूला निघतो. तीन अंशांनी बारा, पाच अंशांनी वीस. पाच अंशांचा कल नुसत्या डोळ्यांना जाणवतही नाही, विशेषतः स्टुलावर उभं राहून हात वर करून काम चाललं असेल तर. भोक आत गेल्यावर दिशा सुधारायचा प्रयत्न केला, तर ते वाकडं होतं आणि तोंडाशी मोठंही होतं. त्यापेक्षा सुरुवातीलाच गवंड्याचा गुण्या भिंतीला टेकवून बिटाशेजारी धरावा, किंवा कुणाला तरी बाजूला उभं करून बघायला सांगावं. खाली-वर कल मशीन धरणाऱ्याला समजत नाही, बाजूने बघणाऱ्याला समजतो. डावी-उजवी दिशा मात्र वरून बघावी लागते. काही मशीनच्या पाठीवर छोटी पाणसळ बसवलेली असते, पण ती आडवी पातळी दाखवते, भिंतीशी काटकोन दाखवत नाही. जुन्या इमारतीत भिंतच ओळंब्यात नसली, तर या दोन गोष्टी एक नसतात.

एकट्यानेच काम करायचं असेल, तर घरात पडून असलेली जुनी सीडी कामी येते. तिच्या मधल्या भोकातून बिट घालून चकाकती बाजू आपल्याकडे ठेवून सीडी भिंतीला सपाट टेकवायची. आरशात बिटाचं प्रतिबिंब दिसतं. खरा बिट आणि प्रतिबिंब एका सरळ रेषेत दिसले, तर बिट भिंतीशी काटकोनात आहे. जोडाशी कोपर वाकल्यागत दिसलं, तर मशीन तिरकी आहे. दोन्ही दिशांचा कल एकदम कळतो आणि खर्च काहीच नाही. बिट पाव इंच बसला की सीडी काढून घ्यायची.

लांब भोकासाठी सुरुवातीलाच लांब बिट लावू नये. फूटभर लांबीचा बारीक बिट टेकताक्षणी वाकतो. आखूड बिटाने दोनेक इंच सरळ भोक करून घ्यावं, मग लांब बिट त्यात घालावा. ते दोन इंच त्याला वाट दाखवतात.

भोक आत जायला लागलं की बोलायला लागते ती भुकटी. आधी पांढरी पडते, ती पुट्टी आणि नीरू. मग राखाडी, म्हणजे सिमेंटचं प्लास्टर. त्यानंतर लाल आली की वीट लागली. लाल पडता पडता मध्येच पुन्हा राखाडी आणि मऊ लागलं, तर बिट दर्जेत शिरलाय. पडदा किंवा शेल्फ टांगायचं असेल तर ती जागा भरवशाची नाही. राखाडीच येत राहिली आणि बिट कष्टाने पुढे जात असेल, तर समोर कॉलम किंवा बीम आहे. बिट एकदम थांबला, आवाज बदलून किणकिणला आणि भुकटीत चमकणारे कण दिसले, तर सळई लागली. कॉलममध्ये सळईवर निदान 40 मिलिमीटर काँक्रीटचं आवरण असावं, असं भारतीय मानक 456 सांगतं. म्हणजे दीड इंच आत गेल्यावर सळई लागणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. तिथे जिद्द दाखवू नये. ती सळई इमारत उभी ठेवते, आपलं शेल्फ इंचभर बाजूला सरकलं तर काही बिघडत नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ बाजूला भोक घेऊ नये, कन्सील्ड वायरिंगचे पाइप तिथूनच गेलेले असतात.

भुकटी बाहेर आली नाही तर ती खाचांमध्ये दाबून बसते. मग बिट फिरतो, पण टोकाला ताजी वीट मिळत नाही. तो जुनीच भुकटी पुन्हा पुन्हा दळतो आणि तापतो. कार्बाइडचं टोक पोलादी दांड्याला डाग देऊन जोडलेलं असतं, फार तापलं की तो डाग सुटतो आणि टोक भोकातच राहतं. इंचभर गेल्यावर मशीन चालू ठेवूनच बिट बाहेर ओढावा, भुकटी झटकावी, पुन्हा घालावा. तापलेला बिट पाण्यात बुडवू नये, कार्बाइडला तडा जातो.

भिंत कशाची आहे यावर पुढचं बरंच अवलंबून असतं, आणि आपल्याकडे भिंतींचे प्रकार कमी नाहीत. कोकणातला जांभा सच्छिद्र असतो. बिट चालता चालता आतल्या पोकळीत शिरतो आणि भरकटतो. तिथे हॅमर बंद ठेवून, न रेटता चालवावं. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती दीड-दोन फूट रुंद, बाहेरून घडीव आणि पोटात माती-चिपांचा भराव. अशा भिंतीत आरपार भोक पाडलं की बिट बाहेर काढताच आतला भराव भोकात ढासळतो, म्हणून बिट काढल्याबरोबर पाइप सरकवायची तयारी आधीच ठेवावी लागते. मातीत बांधलेल्या विटांना तर हॅमरचा हादराच सोसत नाही.

नव्या इमारतींमध्ये आता एएसी ब्लॉक असतात. जुने ठेकेदार त्यांना सिपोरेक्स म्हणतात. चुना-सिमेंटच्या मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड घातली की हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि ब्लॉक पावासारखा फुगतो. तो विटेच्या निम्म्याहूनही हलका भरतो. त्यात भोक सहज पडतं, हॅमर लावायची गरजच नसते. लावला तर भोक भगदाड होतं. अडचण स्क्रू धरण्याची येते. साधा प्लग फुगून कडांना दाबतो आणि घर्षणाने बसतो. इथे कडाच चुरतात. त्यासाठी वेगळे, लांब, मळसूत्री प्लग मिळतात, ते मागून घ्यावेत.

प्लगचा विषय निघालाच आहे तर थोडं त्याबद्दल. पूर्वी भिंतीत चौकोनी खाच खोदून लाकडाचा गुटका ठोकायचे आणि त्यात स्क्रू पिळायचे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंती न खोदता विजेची उपकरणं बसवायची होती, तेव्हा जॉन रॉलिंग्ज या कंत्राटदाराने तागाच्या धाग्यांची घट्ट केलेली नळी वापरली आणि 1911 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ‘रावल प्लग’ तो हाच. आज दिसणारा नायलॉनचा, फाटलेल्या शेपटीचा प्लग 1958 मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी काढला. प्लग कितीही चांगला असला तरी भोक मोठं झालं की तो नुसताच फिरतो. मग आपण काडेपेटीच्या काड्या कोंबतो. कॅलेंडरला त्या चालतात, गीझरला चालत नाहीत.

शेवटचा पाऊण इंच आला की मामला उलटतो. इतका वेळ बिटापुढे जाड भिंत होती, तिने ठोका झेलला. आता पुढे जेमतेम एक पातळ थर उरतो आणि त्याच्या मागे आधार काहीच नाही. ठोका बसला की तो थर चिरडत नाही, बाहेरच्या बाजूला ओढ बसून तो सुटतो. नाण्याएवढ्या भोकाभोवती बशीएवढा प्लास्टरचा टवका उडतो, तो यामुळे. उपाय अवघड नाही. बारीक बिटाने आधी आरपार वाट काढायची, मग पलीकडे जाऊन त्या खुणेवरून मोठा बिट उलट्या बाजूने चालवायचा. दोन्ही भोकं भिंतीच्या पोटात भेटली की कडा दोन्हीकडे शाबूत राहतात. खंभातचे कारागीर अकीकाचे लांब मणी असेच दोन्ही टोकांकडून भोकतात. पलीकडे जाता येत नसेल, म्हणजे चौथ्या मजल्याची बाहेरची भिंत असेल, तर बिटावर चिकटपट्टीने खूण करून ठेवावी. भिंतीची जाडी खिडकीपाशी मोजता येते. पाऊण इंच उरला की हॅमर बंद, हात हलका, नुसतं फिरवत बाहेर पडायचं. वेळ जास्त लागतो, लागू द्यावा.

एसीच्या पाइपसाठी अडीच इंचाचं भोक लागतं. त्यासाठी बरेच मेकॅनिक दहा मिलिमीटरच्या बिटाने गोलाकार भोकं पाडतात आणि मधला भाग छिन्नीने फोडतात. आतून प्लास्टिकची चकती लावली की छान दिसतं; बाहेरून ते भगदाड असतं आणि पहिल्या जोराच्या पावसात भिंतीला ओल येते. यासाठी कोअर कटिंग हाच योग्य मार्ग. नळीच्या तोंडाला हिऱ्याचे कण घट्ट बसवलेले तुकडे असतात. ते ठोकत नाहीत, घासतात. कण बसवलेला धातू झिजला की खालचे नवे हिरे उघडे पडतात. शिवाय सगळं भोक दळावं लागत नाही: 65 मिलिमीटरच्या भोकात तीन मिलिमीटर रुंदीचं कडं कापलं, तर एकूण क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी भाग भुकटी होतो, बाकीचा अखंड दंडगोल हातात येतो. ही युक्ती पुरातन आहे. गिझाजवळ सापडलेला, नळीने कापलेल्या ग्रॅनाइटचा दंडगोल पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी 1883 च्या पुस्तकात नोंदवला. प्राचीन इजिप्तच्या कारागिरांकडे हिरे नव्हते. तांब्याची नळी आणि वाळू एवढ्यावर ग्रॅनाइट कापता येतो, हे डेनिस स्टॉक्स यांनी प्रत्यक्ष करून दाखवलं आहे.

एसीचं भोक मात्र मुद्दाम तिरकं हवं. बाहेरच्या बाजूला पाच ते दहा मिलिमीटर उतार असला, तर एसीचं पाणी आणि पावसाचं पाणी बाहेरच जातं. काटकोनाचा हट्ट इथे सोडावा. बीम किंवा कॉलममधून कोअर काढायला कुणी सुचवलं, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हो म्हणू नये. हिऱ्याचं तोंड सळईही सहज कापतं आणि कळतसुद्धा नाही.

आणि भुकटीबद्दल शेवटचं. वाळू, विटेची माती आणि काँक्रीट यांत सिलिका असते. जमिनीवर पडलेली भुकटी केर म्हणून जाते. जे कण दहा मायक्रॉनहून बारीक असतात ते दिसत नाहीत, हवेत तासन्‌तास तरंगतात आणि त्यातले सर्वांत बारीक कण फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. वर्षानुवर्षं ती हवा श्वासात गेली की सिलिकोसिस होतो, आणि त्यावर बरा करणारा इलाज नाही. घरात वर्षातून दोन भोकं पाडणाऱ्याला फारसा धोका नाही, दिवसाला वीस पाडणाऱ्याला आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमात सिलिकोसिसची नोंद कळवायच्या आजारांमध्ये होती. पण घरोघरी फिरून होल मारणारा कारागीर कुठल्याच कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. तोंडाला बांधलेल्या रुमालाने हे कण अडत नाहीत. भोकाखाली घडी घातलेला कागद चिकटवावा, भोक तोंडाने फुंकू नये, नंतर जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. आणि मिस्त्री मशीन उचलण्याआधी त्याच्या हातात एक एन-95 मास्क द्यावा; तो नको म्हणेल, तरी द्यावा.